न कळलेला जोड

काल आमच्या बदलापूरच्या बिल्डिंगखाली ग्रिलचं वेल्डिंग चाललं होतं. जळक्या रॉडचा उग्र वास जिन्यातून वर आला आणि मला बाबांचा खाकी शर्ट आठवला, ठिणग्यांनी चाळणी झालेला.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात वेल्डर होते. मी शाळेत असताना एका पार्कातल्या रोलर कोस्टरच्या पोलादी रुळांचे जोड त्यांनी केले होते. ती गाडी गोल फिरायची नाही. सुसाट पुढे जाऊन उंच चढायची आणि त्याच रुळांवरून उलटी परत यायची. पार्क सुरू झाल्यावर बाबा आम्हाला घेऊन गेले. आकाशपाळण्यालाही घाबरणारी आई त्या दिवशी माझ्याशेजारी थेट पहिल्या बाकावर बसली. "यांनी जोडलंय, मग भीती कसली?" म्हणाली खरी, पण माझं मनगट तिने असं धरलं की तिच्या बांगड्या मला रुतल्या.

बाबा खाली उभे होते. मान तिरकी करून नुसता चाकांचा आवाज ऐकत होते. आम्हाला साधा हातही केला नाही, म्हणून मला रागच आला. आज कळतं, त्यांचा सगळा जीव त्या आवाजात अडकला होता.

उतरल्यावर आई पदर सावरत म्हणाली, "अहो, जाताना आणि येताना, दोन्ही वेळा लक्ष ठेवलं. तुमचा जोड कुठे आला ते कळलंच नाही."

तेव्हा कुठे बाबांनी आमच्याकडे पाहिलं.

"नाही ना कळला?" ते म्हणाले. "मग तो माझाच."