खुर्चीवरचे मोठे मिस्त्री

एका जागी बसणं जमत नाही अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण आमच्या मोठेबाबांपुढं ती सगळी समाधी लावलेले साधू वाटतात. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. लग्नाच्या पंगतीत ते जेवायला बसतात खरे, पण पानात भात पडेपर्यंत काही दम निघत नाही. मग उठतात आणि वाढणाऱ्याच्या हातातली वरणाची बादली घेऊन स्वतःच वाढत सुटतात. चंद्रपूरच्या बसमध्ये नशिबानं जागा मिळाली तर ती लगेच दुसऱ्याला देतात. लोक म्हणतात, केवढे परोपकारी! परोपकार कसला, पाय शिवशिवतात. नाइलाजानं कधी बसावंच लागलं तर उजवा पाय असा हलतो की शेजारच्याच्या बशीतला चहा सांडतो. लहानपणी त्यांच्याजवळ बसून पाढे लिहिले की माझे सगळे आकडे वाकडे यायचे, आणि मार मात्र मी खायचो. मी तक्रार केली की मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "हालू दे बापा. त्यायचा पाय हालून राह्यला म्हंजे माणूस ठीक हाय समजाचं."

असा माणूस नोकरीत टिकणार कसा? राइस मिलमध्ये त्यांना पोत्यांवर नजर ठेवायला बसवलं होतं, तर दुपारी ते नदीवर सापडले. तलावावर मासे राखायला ठेवलं, तर हे पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, गोल गोल फिरत राहायचे, आणि चोर बरोबर त्यांच्या पाठीमागून फिरत राहायचे. मग कोणाच्या तरी ओळखीनं मोहर्लीला सफारीच्या गाडीवर लागले. तिथं एकदा वाघ ऐन रस्त्यात येऊन बसला. पर्यटकांचे श्वास अडकलेले, कॅमेरे लागलेले, आणि मोठेबाबा मिनिटभरात ड्रायव्हरच्या खांद्यावर हात मारून म्हणाले, "पाह्यला नं वाघ? चाल मंग आता." वाघ उठून गेला. दुसऱ्या दिवशी मोठेबाबाही घरी आले.

आणि अशा या माणसाला नियतीनं शेवटी काम दिलं ते बसण्याचं.

त्याचं असं झालं. मोठेबाबांचा मुलगा सूरजागडच्या बाजूला ट्रक चालवतो, घरी येतो तो पाहुण्यासारखा. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, बल्लारपूरच्या एका मिस्त्रीची मुलगी. बाहुलीशी खेळायच्या वयात ती बापाच्या हाताखाली इंजिनं खोलत होती. मूल गावाहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्याला लागूनच तिनं टिनाचं शेड टाकून गॅरेज उघडलं. हात चांगला, काम चोख, जागा मोक्याची. सगळं होतं, गिऱ्हाईक तेवढं नव्हतं.

म्हणजे यायचं, पण थांबायचं नाही. गाडी उभी करून माणूस उतरायचा आणि गाडीखालून निघालेल्या वहिनीलाच विचारायचा, "मिस्त्री कुठी हाय?" ती म्हणायची, "मीच हावो नं जी." त्यावर तो समजूतदारपणे हसायचा. "तसं नाई बाई. मोठे मिस्त्री कव्हा येतीन?" एकानं तर तिनं क्लच प्लेट गेल्याचं सांगितल्यावर तिच्यासमोरच चंद्रपूरच्या साळ्याला फोन लावला, "बाई म्हणते प्लेट गेली. जाते काय रे अशी?" दुसरा एक गाडी ठेवून गेला, पण राखणीला बायकोला बसवून गेला. संध्याकाळी परत येऊन बघतो तर बायको पदर खोचून जॅक फिरवत होती. तो गृहस्थ पुन्हा आला नाही. बायको मात्र अजून येते, स्वतःची स्कूटी घेऊन. मला या लोकांचा भारी राग यायचा. आपल्याकडे बाईनं कंबर मोडेस्तोवर चिखलात धानाची रोवणी करावी, डोक्यावर धानाचे भारे वाहावेत, त्याला कोणाची हरकत नाही. तीच बाई पाना घेऊन बॉनेटखाली वाकली की यांच्या गाडीला ताप भरतो.

वहिनी वरून हसायची. पण दुपारी रिकाम्या शेडात तेच ते पाने पुन्हा पुन्हा पुसत बसलेली मला दिसायची. हे असंच चाललं असतं तर शेड उतरवून तिला माहेरी बापाच्या हाताखाली परत जावं लागलं असतं, हे ती बोलली नाही तरी घरात सगळ्यांना कळत होतं.

एके दिवशी मोठेबाबा तिचा डबा घेऊन आले. पायात काटा मोडला होता, तो काढायला म्हणून शेडातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकले. तेवढ्यात एक जीप आली. जीपवाल्यानं गाडीखाली काम करणाऱ्या वहिनीला वळसा घातला, थेट खुर्चीपुढं येऊन उभा राहिला आणि सगळं दुखणं ओतलं, "भाऊ, तिसरा गिअर पडूनच नाई राह्यला." मोठेबाबांचं सगळं लक्ष काट्यात. ते म्हणाले, "हो काय? पाहू." आणि आवाज दिला, "सूनबाई, पाह्य बरं यायचं." जीपवाल्याचा जीव भांड्यात पडला. किल्ली मोठेबाबांच्या हातात देऊन तो निश्चिंतपणे चहा प्यायला गेला.

त्या रात्री जेवताना वहिनी म्हणाली, "मामाजी, तुमी तिथी नुसते बसान काय?"

मोठेबाबांना आजवर खूप लोकांनी खूप कामं सांगितली होती, पण "तुम्ही असाल तर माझं चालेल" असं कोणी म्हटलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली. मोठीआईला मात्र ठसका लागला.

आणि ते बसले! सकाळी शेड उघडल्यापासून दिवे लागेपर्यंत. पायाच्या हलण्यानं प्लास्टिकच्या खुर्च्यांचे पाय फाकायचे, खुर्च्या बदलाव्या लागायच्या, पण मोठेबाबा उठायचे नाहीत. फारच असह्य झालं की खुर्ची ढुंगणाला धरून तशीच अर्ध्या वाकल्या अंगानं उन्हातून सावलीत न्यायचे. सकाळी निघताना टिळा लावावा तसे शर्टाला थोडं ग्रीस पुसायचे आणि मोठीआईच्या शिव्या खायचे. कामाची भाषाही त्यांनी कमावली. भाषा म्हणजे तीन वाक्यं. पहिलं, "पाहू." दुसरं, "आवाज कव्हापासून येते?" आणि तिसरं, जे गिऱ्हाइकाला सगळ्यात आवडायचं, ते कपाळाला आठ्या घालून, "हे गाडी याच्या पयले कोणाच्या हाती देल्ली होती?" यावर प्रत्येक माणूस आधीच्या गॅरेजवाल्याला अर्धा तास शिव्या घालायचा आणि इकडे वहिनी मुकाट्यानं काम उरकायची. पंचक्रोशीत नाव झालं, मोठ्या मिस्त्रीचा हात लागला की गाडी पुन्हा कुरकुरत नाही. तो हात दिवसभर फक्त तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायचा, हे मला आणि वहिनीला ठाऊक.

याच कीर्तीनं एक दिवस शेठ आले. धानाचे व्यापारी, दारात चारपाच पिकअप गाड्या. त्यांच्या एकदोन गाड्या आधीच इथून दुरुस्त होऊन गेल्या होत्या. आता सगळ्याच गाड्या कायमच्या इथं आणायच्या असं ठरवून ते स्वतः आले. मोठेबाबांना नमस्कार केला आणि म्हणाले, "मिस्त्री, एकच गोष्ट. माह्या गाडीले बाईमाणसाचा हात नोका लागू देऊ. मांगच्या खेपी तुमी केलं तं कशी पाण्यावानी चालली गाडी. आता बी तुमीच खाली जा. मी इथीच उभा हावो."

वहिनी बाजूलाच उभी होती. तिनं मोठेबाबांना डोळ्यांनी खुणावलं, जा, पडा खाली, मी बघते. एवढं काम हाती आलं असतं तर शेडावर पक्कं छत चढलं असतं.

मोठेबाबा उठले. धोतर सावरलं, पाठीवर झोपले आणि सरकत सरकत आयुष्यात पहिल्यांदा गाडीखाली गेले. बाहेर फक्त त्यांची पावलं राहिली आणि ती लटलट हलत होती. शेठ कौतुकानं त्या पावलांकडं पाहत होते. मी झेरॉक्सचं मशीन बंद करून दारात आलो. बराच वेळ काही झालं नाही. मग खालून आवाज आला, "बाप्पा! सूनबाई, इथी तं लय गरम हाय वं!"

मग ते बाहेर आले. कपाळावर काळ्या तेलाचा थेंब ओघळत होता. तो न पुसता ते म्हणाले, "शेठ, मले यातलं काईच नाई समजत. मी जल्मात कव्हा पाना धरला नाई. तुमच्या गाड्यायले आजवर इचाच हात लागला. मी घडीभर नाई पडू शकलो तिथी. हे पोरगी दिवसभर पडून रायते. मंग नाव माहं काऊन?"

शेठ गाडीत बसले आणि गेले.

वहिनी इतकी चिडली की तिनं हातातला पाना आपटला. "मामाजी, काऊन सांगतलं? मी म्हटलं होतं काय सांगा म्हणून?" रात्री तिनं त्यांना न बोलता वाढलं. तिचंही चूक नव्हतं. बातमी पसरली, आणि पुढचे कित्येक दिवस शेडापुढं गाड्यांचा वेग वाढायचा, थांबायची एकही नाही. मोठेबाबा खुर्चीवर बसायचे, कोणी नसलं तरी.

मग एका दुपारी शेठचीच पिकअप आली, तीही वाफा सोडत. शेठ उतरले. मोठेबाबांकडं बघवेना, वहिनीकडं बघायची सवय नाही. शेवटी त्यांनी शेडाशेजारच्या मोहाच्या झाडाकडं तोंड केलं आणि झाडाला सांगितलं, "गाडी गरम होऊन राह्यली." झाडाच्या वतीनं वहिनी म्हणाली, "बॉनेट खोला." काम झालं. पुढच्या खेपेला शेठ बॉनेटशी बोलले. त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाले, "बाई, जरा ब्रेकबी पाह्य बरं." शेठ बोलायला लागले म्हटल्यावर बाकीचेही बोलायला लागले. आपल्याकडे असंच असतं, एक मेंढी वाट बदलते आणि मागून कळप येतो.

आता वहिनीला मान वर करायला फुरसत नसते. परवा नागपूरकडची एक गाडी आली. माणूस उतरून सरळ तिच्याकडं गेला, बोलला, मग मोठेबाबांपाशी येऊन अगदी नम्रपणे म्हणाला, "बाबा, खुर्ची देता काय जरा? मिस्त्रीण बाई म्हणतात वेळ लागन." मोठेबाबा लगबगीनं उठले. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं खुर्ची पुसली. "बसा नं, बसा," म्हणाले. हसलेसुद्धा.

मी त्यांना माझ्या दुकानात बोलावलं. एरवी ते उंबऱ्यावरूनच "येतो" म्हणून निघून जातात. त्या दिवशी आत आले आणि स्टुलावर बसले. तेवढ्यात बाहेर एक ट्रॅक्टर थांबला, तसे ते अर्धवट उठले. ओठ हलले, "आवाज कव्हापासून..." ट्रॅक्टरवाला वहिनीकडं गेला होता. ते परत बसले.

माझी नजर सवयीनं त्यांच्या पायाकडं गेली. पाय हलत नव्हता.

या पायापायी मी लहानपणी मार खाल्ला होता. तो थांबावा म्हणून देवाला नारळसुद्धा कबूल केला होता. आता तो थांबला तर मला मोठीआईचं ते वाक्य आठवलं. शेजारून वहिनीच्या हातोडीचे ठोके येत होते आणि आमचं दुकान गप्प होतं. मी मशीन चालू केलं आणि कोऱ्या कागदांच्या झेरॉक्स काढत राहिलो.