जानरावाच्या वावरातला गाडीतळ

कारंज्याला कपाशी नेणाऱ्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, इंझोरीच्या पुढे एका नदीत उतरत आणि गाडीवान बैलांच्या शेपट्या पिरगाळत त्या पलीकडच्या चढावर काढत. १९३४ साली, दसरा झाल्यावर, त्या जागी पूल बांधायला घेतला. जिथून बंड्या उतरत तिथेच खांबांचे खड्डे पडले. हंगाम तोंडावर आलेला, त्यामुळे रहदारी बंद ठेवणं शक्य नव्हतं. ठेकेदाराने बाजूने वळणवाट काढली. ती जानराव माळ्याच्या वावरातून गेली.

वावर दीड एकराचं. वरचा अर्धा तुकडा रस्त्याला लागून, खालचा नदीकडे उतरत गेलेला. खालच्या तुकड्यात विहीर होती आणि विहिरीच्या पाण्यावर वांगी, मिरची, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. त्याची बायको गोजराबाई ती भाजी टोपलीत घालून इंझोरीत दारोदार विकायची, बाजाराच्या दिवशी कारंज्यापर्यंत जायची. याखेरीज त्या घराला दुसरा आधार नव्हता.

पुलावरची माणसं, दगड, चुना, सगळ्यांचं येणंजाणं ठेकेदाराचा माणूस गोविंदसिंग पाही. तो वावर बघायला आला तेव्हा जानराव एवढंच म्हणाला, "वरचा तुकडा घ्या. खाली चाक येऊ देऊ नका."

"दो हंगाम की बात है," गोविंदसिंग म्हणाला. "पूल झाला की तुझं खेत तुला."

"अन् बंड्या खाली आल्या तं?"

"तो तू रोक. तूच उभा राह. काम पाहिजे ना तुला?"

अशा रीतीने जानराव आपल्याच वावरात रखवालदार झाला. त्याने मजुरीच्या लोभाने हे काम धरलं असं गावात बोललं गेलं. त्याला विहिरीचा तुकडा राखायचा होता, आणि राखायचा म्हणजे तिथे स्वतः उभं राहायचं, यापलीकडे त्याला काही सुचलं नव्हतं.

वळणवाट एका बंडीच्या रुंदीची होती. वाळूत चाकं रुतू नयेत म्हणून नदीच्या पात्रात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि पळसाच्या फांद्या अंथरलेल्या. त्या पट्ट्यावरून एका वेळी एकाच बाजूने जाता येई. सकाळी कपाशीच्या भरल्या बंड्या कारंज्याकडे, दिवस कलला की रिकाम्या परत, आणि मधल्या वेळात पुलासाठी दगड आणणाऱ्या. शिवाय आसपासच्या गावांतून आणि तांड्यांवरून मजूर चालत येत. बायांच्या कडेवर लेकरं, डोक्यावर टोपली. पहिल्याच आठवड्यात गिरजाबाई नावाच्या मजुरणीच्या पावलावरून चाक गेलं. तेव्हापासून जानरावाने बांधाच्या कडेने मजुरांसाठी वेगळी पायवाट पाडली, तिला काट्यांचं कुंपण घातलं, आणि मजूर उतरून होईपर्यंत बंड्या वरच्या तुकड्यात थांबवू लागला.

म्हणजे थांबवायचा प्रयत्न करू लागला. बाजारात ज्याची बंडी आधी त्याची कपाशी आधी तोलली जायची, म्हणून थांबायला कोणी तयार नसे. गोविंदसिंगने दिलेलं लाल फडकं जानराव दिवसभर हलवी.

"कायले फडकावून राह्यला रे जान्या? बैल बुजतीन ना."

"गोजराबाईचं लुगडं वाळवून राह्यला तो. जाऊ दे त्याले."

हसत हसत बंड्या पुढे जात. कोणी खाली उतरून त्याच्याशी भांडलं असतं तर त्याला काही करता तरी आलं असतं.

त्या भागात भरली बंडी माघारी घेत नसत. घरून कपाशी भरून निघालेली बंडी बाजारातच रिकामी व्हायची. ती वाटेतून फिरली तर घरची बरकत फिरली, अशी समजूत होती. पुलाचा दगड वाहणारा रूपला तांड्यावरचा. त्याचीही भरल्या गाडीबद्दल तीच समजूत. एका सकाळी रूपलाच्या दगडाच्या बंड्या पलीकडून आणि कपाशीच्या अलीकडून पात्राच्या मधोमध समोरासमोर आल्या. धुऱ्याला धुरा लागला. मागे कोणी घेईना. पुढच्यांच्या मागे आणखी बंड्या येऊन चिकटल्या. बैलांना पाणी दाखवता येईना. बाजूने निघायला गेलेल्या एका बंडीचा आस वाळूत मोडला. पुलावर दगड नाही म्हणून काम बसलं. पायवाटही तुंबली, आणि घरी निघालेल्या बाया लेकरं डोक्यावर धरून खोल पाण्यातून पलीकडे गेल्या.

दिवस मावळायच्या आत गोविंदसिंग विहिरीपाशी येऊन उभा राहिला. तो रागावलेला नव्हता. काठीने मेथीच्या वाफ्यावर रेघ ओढून तो म्हणाला, "इथून दुसरी वाट काढतो. जायला एक, यायला एक."

"साहेब, ही विहीर हाये."

"विहीर बाजूला राहील."

"विहीर ठेवून मी पाणी कायले देऊ? धोंड्याले?"

"तर मग बंड्या थांबव. परसों तक देखता हूँ."

दुसऱ्या दिवशी जानरावाने विहिरीवर मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याचा एक निखळलेला दगड वरच्या तुकड्याच्या तोंडाशी नेऊन उभा केला, त्याला तेलात कालवलेला शेंदूर फासला आणि समोर एक नारळ ठेवला. कोणाला काही सांगितलं नाही.

लाल फडक्याला न जुमानणारा गाडीवान शेंदराच्या दगडासमोरून बैल हाकत नेत नाही, हे तो लहानपणापासून पाहत आला होता. मंगरूळपीरकडचा दौलतराव पाटील त्या सकाळी सर्वांत पुढे होता. त्याने बैलांचे कासरे ओढले, खाली उतरला, जोडा काढला.

"हा म्हसोबा कवापासून इथं?"

"हाये," जानराव म्हणाला.

दौलतरावाने नारळ फोडला. तो थांबला म्हणून मागचे थांबले. देवापुढे घाई करणं बरं दिसत नाही, म्हणून सगळे आपापल्या पाळीने निघाले. पलीकडच्या काठावर जानरावाने तसाच एक लहान दगड ठेवला; तिथे रूपलाच्या बंड्या थांबू लागल्या. पात्रात पुन्हा धुऱ्याला धुरा लागला नाही. मजुरांची पायवाट मोकळी राहिली. खालच्या तुकड्यात चाक आलं नाही.

"जानराव, तेरा हवालदार तगडा है," गोविंदसिंग म्हणाला. "पगार भी नहीं माँगता."

गोजराबाईला हे पटलं नाही. ती दगडाकडे पाठ करून भाजी खुडत होती.

"अवो, हे खोटं हाये."

"काय खोटं? दगड आपल्या थारोळ्याचा, शेंदूर बाजारातला. मी कोणाले देव हाये म्हून सांगतलं काय?"

"न सांगता फसवलं तं ते फसवणं नोहे?"

"पूल झाला की उचलून टाकतो. तवरोक तुही मेथी तं वाचली."

दोन हंगाम गेले. त्या काळात वरच्या तुकड्यात बंड्या सुटायच्या, बैल बसायचे, चुली पेटायच्या, भाकरी व्हायच्या. पुलाचं काम संपलं, गोविंदसिंग दुसऱ्या कामावर गेला. ठेकेदाराच्या माणसांनी वळणवाट बुजवली. शब्द दिल्याप्रमाणे वावर परत मिळालं. जमीन खळ्यासारखी घट्ट झाली होती, नांगराचा फाळ वरच्या वर घसरत होता. जानरावाने ती पहारीने फोडली, वखरली, वाफे पाडले आणि दोन्ही तुकड्यांत भाजी लावली. दगड उचलायचा तेवढा राहून गेला.

दिवाळीनंतर कपाशीच्या बंड्या सुरू झाल्या. पूल समोर कोरा करकरीत उभा होता. पहिली बंडी पुलाच्या तोंडाशी आली, रस्ता सोडून डावीकडे वळली आणि उगवलेल्या मेथीत शिरली. दौलतरावाचीच होती.

जानराव आडवा झाला. "पाटील, पूल तिकडे हाये."

"दिसून राह्यला ना मले."

"मंग इकडे काहून?"

"देवाले न भेटता कसा जाऊ? दोन साल ह्यानंच पार नेलं. एक बैल लंगडला नाही माह्या." दौलतराव जू खाली ठेवत बोलत होता. त्याच्या मागून दुसरी बंडी आली, मग तिसरी.

"पाटील, तो देव नोहे. थारोळ्याचा धोंडा हाये तो. मी मांडला. तुमी थांबत नव्हते म्हून मांडला."

दौलतरावाने मान हलवली. त्याला राग आला नाही, आणि तीच खरी अडचण होती.

"तूच मांडला हे आमाले ठाऊक हाये, गड्या. नवा शेंदूर का कोणाले समजत नाही? देव कोणी ना कोणी मांडतेच. आभायातून थोडाच पडते?"

"मले वावर पायजे, पाटील."

"वावर तुहंच हाये. आमी काय नेऊन राह्यलो? घडीभर सोडतो अन् जातो."

घडीभरात बैलांनी वाफे खाल्ले. दिवस डोक्यावर आला तेव्हा वरच्या तुकड्यात हिरवं काही शिल्लक नव्हतं.

जानराव मंगरूळपीरला कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने त्याचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. जमीन कोणी घेतलेली नाही, हद्द कोणी सरकवलेली नाही, थांबणाऱ्याला हुसकून लावायचा हक्क मालकाचा आहे; मग तक्रार कोणाविरुद्ध लिहायची, असं त्याने विचारलं. एकट्या दौलतरावाचं नाव सांगून भागणार नव्हतं. बंड्या तर साऱ्या मुलखाच्या होत्या.

मग त्याने कुंपण घातलं. ते चुलीत गेलं. त्याने चर खणला. गाडीवानांनी तो सगळ्यांनी मिळून बुजवला आणि वर त्याला सांगितलं की इथं पाण्यानं वाट तुटली होती, आम्ही नीट केली. आंघोळ करून त्याने एकदा गाडीवानांसमोर हात जोडले. त्यांनीही जोडले.

गोजराबाईची टोपली आता एका तुकड्यावर भरत होती, आणि तिथेही बैल पाण्यासाठी उतरायला लागले होते. पुलाच्या कामाच्या दिवसांत त्यांना वरच पाणी मिळे, गोविंदसिंगची माणसं पिंपांतून आणून देत. आता विहीर होती. मोटेचे बैल चालतात ती धाव खुरांनी उखणली. थारोळ्यातलं पाणी शेणाने हिरवं झालं.

"उचलून टाकतो म्हणे तुमी," गोजराबाई म्हणाली.

"हो."

"मंग?"

जानराव पहार घेऊन वर गेला. भर दुपारची वेळ होती, बंड्या सुटलेल्या होत्या. कोणीतरी आपल्याला अडवेल, मारेल, अशी त्याची अपेक्षा होती. मार खायची तयारी ठेवूनच तो गेला होता. दगडाच्या बुडाशी त्याने पहार घातली. गाडीवान भाकरी खात बघत राहिले. दगड निघाला. त्याने तो छातीशी धरला, अंगरखा शेंदराने माखला, आणि नदीत जाऊन खोल पाण्यात सोडला.

दौलतरावाने हात धुतले, जू बैलांच्या मानेवर ठेवलं.

"पाण्यात सोडला ते बरं केलं," तो जाता जाता म्हणाला. "देव जुना झाला की पाण्यातच सोडा लागते."

पुढच्या बाजाराला गाडीवान नवा दगड घेऊन आले. वर्गणी काढून आणलेला, पुलासाठी रूपलाने वाहून आणलेल्यांपैकी उरलेला, चार माणसांशिवाय न हलणारा. तो जुन्याच खड्ड्यात बसवला. मजुरीच्या दिवसांत पायवाटेने जाणाऱ्या बायाही आल्या. गिरजाबाई लंगडत आली आणि तिने ओटी भरली. चाक गेलं तेव्हा म्हसोबा मांडलेलाही नव्हता, तरी त्यानेच पाऊल शाबूत ठेवलं, असं ती जानरावाला सांगत होती.

त्या हिवाळ्यात गोजराबाईने एक गोष्ट पाहिली. दगडाच्या सभोवती खाटेएवढ्या जागेत कोणी बंडी नेत नव्हतं, बैल बांधत नव्हतं. तिने तिथे मेथी पेरली. उगवली. वरच्या तुकड्यात दोन हंगामांनंतर टिकलेलं ते पहिलं हिरवं. तिने जुड्या बांधल्या आणि उठायला लागलेल्या बंड्यांपुढे टोपली ठेवली.

"घ्या, ताजी हाये."

एका गाडीवानाने जुडी कपाळाला लावली, धोतराच्या सोग्यात बांधली आणि बैल हाकले.

"भाऊ, पैसे?"

"देवाच्या अंगणातली ना वं बाई? त्याचे कोणी पैसे घेते काय?"

त्याच्या मागच्यानेही तसंच केलं. टोपली रिकामी होईपर्यंत ती तिथे बसून राहिली. उचलून न्यायचं तिला जमलं नाही. जानरावाने बांधावरून सगळं पाहिलं होतं.

ठेकेदाराचं काम संपून बराच काळ झाला होता. तरी हंगाम असेतोवर जानराव रोज पहाटे वरच्या तुकड्याच्या तोंडाशी जाऊन उभा राही. ज्या दिवशी तो उभा राहत नसे त्या दिवशी बंड्या वाटेल तशा शिरत, आणि मागून येणाऱ्यांना जागा राहिली नाही की थेट विहिरीपर्यंत उतरत. म्हणून तो त्यांना ओळीने लावी. भरल्या एका बाजूला, रिकाम्या दुसऱ्या बाजूला, मधून निघायला वाट. लोक त्याला आता चेष्टेने जान्या म्हणत नसत. जानराव म्हणत आणि तो दाखवील तिथे बंडी सोडत.

"इथं सोडू का, जानराव?"

"अजून वर घ्या. वर. विहिरीकडे धुरा करू नका."

"बरं."

तो मागच्या बंडीकडे वळे.