मॉरीनबाईंच्या घरातली चौकशी

मी स्कॉटलंडला निघालो त्या सकाळी आमच्या पंचवटीतल्या घरात पंचवीस माणसं होती आणि त्यातली आमची फक्त तीन. बाकीचे ग्वाल्हेरचे यजमान. आम्ही रामकुंडावरचे उपाध्ये. गेलेल्या माणसांचे विधी करायला देशभरातून लोक येतात, आमच्याच घरी उतरतात, आणि त्यांना आम्ही यजमान म्हणतो. राहणार ते, रांधणार आम्ही, तरी यजमान तेच. या यजमानांनी मला माझ्या गादीवरून इतक्यांदा उठवलंय की आयुष्यातली पहिली सलग झोप मी विमानात काढली.

आईने बॅगेत चिवडा असा ठासला होता की कसारा घाटात गाडीची पुढची चाकं हवेत गेली. ती बॅग चढवताना ग्वाल्हेरच्या एका काकांची कंबर धरली, आणि आई माझा निरोप अर्धवट टाकून बाम शोधायला आत पळाली. बाबांना भेटायला घाटावर गेलो तर ते सोवळ्यात. मी वाकायला लागलो तसे म्हणाले, "लांबूनच कर." मग हातातले दर्भ सारखे करत, "कुणाच्या घरी उतरशील तिथे आधी चौकशी कर. गाव विचार, वाडवडील विचार, घरातलं कोण गेलं ते विचार. विचारलं की माणूस आपला होतो." एवढं बोलून ते समोरच्याकडे वळले. "हां, दादाजी का नाम?"

झाला माझा निरोप. तुमच्यापैकी जे विमानतळावर गळ्यात पडून रडले त्यांचा मला अजून हेवा वाटतो.

विद्यापीठाने मला मॉरीन आणि इयन या साठीतल्या जोडप्याकडे ठेवलं. समुद्राकाठचं गाव, वारा असा की सकाळी दोरीवर घातलेला टॉवेल दुपारी नॉर्वेत वाळत असेल. कागदोपत्री ते माझे यजमान. म्हणजे रांधणारे यजमान आणि राहणारा मी. सगळं डोक्यावर उभं. पहिला आठवडा एकमेकांना पारखायचा. नाही जमलं तर खोली सोडायची. हॉस्टेल भरलेलं, दुसरं घर नाही, आणि राहायला जागा नाही तर शिक्षण कसलं? ती खोली टिकली पाहिजे, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

आणि खोली काय होती. दाराला किल्ली, आणि ती किल्ली माझ्याकडे. फ्रिजमध्ये माझ्या नावाची चिकटपट्टी लावलेला कप्पा. लहानपणापासून मला हेच हवं होतं: कुणीतरी मला पाहुणा म्हणावं आणि माझ्या गादीवर दुसरं कुणी नसावं. पहिल्या रात्री मी पलंगावर आडवा, तिरका, उलटा, सगळ्या दिशांनी झोपून पाहिलं.

माणसं वाईट नव्हती हो. मॉरीन रोज सकाळी विचारायची, "झोप लागली ना?" पण उत्तर येईपर्यंत ती परसात पोचलेली असायची. जेवण साडेपाचला. आमच्याकडे त्या वेळी दुपारच्या चहाची भांडी निघतात. जेवताना बोलणं फक्त हवेवर. काल कशी होती, आज कशी आहे, उद्या कशी असेल. त्या हवेचीही त्यांनी कधी वंशावळ काढली नाही. चार दिवसांत मला वाटायला लागलं, आपल्याला आवाज आहे की नाही हे एकदा तपासून घ्यावं.

रविवारी मॉरीनची बहीण जेवायला आली. बेल वाजली आणि माझ्यातला उपाध्या उठला. त्यात माझा दोष नाही. आमच्या घरात दार वाजलं की पाय आपोआप चालतात. मी दार उघडलं, बाईंचा कोट घेतला, त्यांना खुर्ची दिली. मग सगळ्यांना बटाटे वाढले. मॉरीन म्हणाली, "बस रे, आम्ही घेऊ." मी अजून वाढले. आग्रहाला कुणी इतकं घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं.

शेवटी बसलो आणि चौकशी सुरू केली. इयनला विचारलं, "तुमच्या वडिलांचं नाव काय?"

"रॉबर्ट."

"आजोबांचं?"

"तेही रॉबर्टच."

"आणि पणजोबांचं?"

इयन हसायला लागला. "मॉरीन, अगं याला पोलिसांनी पाठवलंय."

मेहुणीबाईही हसल्या. आठवड्यात पहिल्यांदा त्या टेबलावर हवा सोडून काहीतरी होतं. मला चेव आला. बाबा म्हणाले होते ते खरं होतंय असं वाटलं, आणि पुढचा प्रश्न तोंडातून आपोआप निघाला: "आणि या घरातलं कोण गेलं?"

मॉरीनने काटा ताटलीच्या कडेला ठेवला. बहीण खिडकीकडे बघू लागली. इयन उठला आणि अन्न असलेल्याच ताटल्या गोळा करून सिंककडे गेला. नळ खूप वेळ चालू होता.

"हे आम्ही विचारत नाही," मॉरीन म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "तू चांगला मुलगा आहेस. पण कालच्यासारखं पुन्हा होणार असेल, तर मला विद्यापीठाला कळवावं लागेल." मी म्हणालो, होणार नाही.

आणि झालं नाही. दोन वर्षं त्या घरात राहिलो. वाढायला उठलो नाही, दार उघडलं नाही, कुणाला काही विचारलं नाही. हवेवर मात्र असं बोलायला लागलो की इयन छत्री न्यायची की नाही ते मला विचारून ठरवायचा. त्या घरातलं कोण गेलं होतं, मूल की भाऊ की आणखी कुणी, ते मला आजही माहीत नाही. निघताना मॉरीनने केक केला आणि म्हणाली, "तुझ्याइतका छान मुलगा आमच्याकडे कधी राहिला नव्हता." तुम्ही जे बाहेर गेलात, तुम्हालाही कुणीतरी असं म्हणालं असेल. तेव्हा गोड वाटतं.

मग तिथेच नोकरी, तिथेच भाड्याचं घर. घरी दर रविवारी व्हिडिओ कॉल. इकडे बर्फ, तिकडे ऊन, तब्येत बरी, ठेवतो.

यंदा दिवाळीला पंचवटीत आलो. दारात चपलांचा ढीग नाही, ओसरीवर गाद्यांची चळत नाही. बाबा खुर्चीत, शेजारी चालायचं वॉकर. घाटाच्या पायरीवरून घसरले होते, गेल्या पावसाळ्यात. खुब्याचं हाड, ऑपरेशन, महिनाभर अंथरूण, सगळं होऊन गेलेलं. यजमान आता चुलतभाऊ बघतो. कॉलवर बाबा त्या खुर्चीत शाल घेऊन बसायचे, आणि मला वाटायचं, काय तजेलदार दिसताहेत.

आईवर चिडलो. "मला सांगितलं का नाहीत?"

ती करंज्या तळत होती, वळली नाही. "सांगणार होतो रे. म्हटलं विचारशील तेव्हा सांगू. तू आपला बर्फ किती पडला तेच सांगत होतास."

तेवढ्यात बाबांना आत जायचं होतं. मी उठलो, त्यांचा हात धरायला गेलो. त्यांनी हात सोडवून घेतला. रागाने नव्हे; राग असता तर मला आवडलं असतं. परक्या माणसाशी बोलतात तसे मऊ बोलले.

"राहू दे. तू बस. चार दिवसांसाठी आलायस, कशाला तुला त्रास."

आईने झारा खाली ठेवला आणि त्यांच्या बगलेत हात घातला. ती दोघं भिंतीच्या कडेकडेने आत जात राहिली. लोक मला विचारतात, घर म्हणजे आता तुझ्यासाठी काय? घर म्हणजे ती खोली, जिथून ती दोघं आत जात होती आणि जिथे मी, सांगितलं तसा, बसून होतो. करंज्या जळायला लागल्या तेव्हा गॅस बंद करायला उठावं की नाही, तेही मला ठरवता येईना.