लुळ्या हाताचं वजन
गरम पाण्यात मीठ-सोडा टाकून ॲल्युमिनियमच्या कागदावर चांदी ठेवली, की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो, आणि मला आष्ट्याच्या घरातली ती दिवाळी आठवते. अर्धांगवायूनं सासूबाईंचा उजवा हात त्या पावसाळ्यात लुळा पडला होता. लक्ष्मीपूजनाची पाच नाणी काळीठिक्कर पडलेली, म्हणून मोबाइलवर बघून मीच तो घाट घातला. "काय घाण वास गं!" म्हणत त्यांनी नाकाला पदर लावला. नाणी उजळली, पण नक्षीच्या खाचांत काळं राहिलंच. मी घासायला बसले, तर म्हणाल्या, "दे हिकडं. दरवर्षी मीच घासती." "आवं आत्याबाई, एका हातानं कसं जमंल?" "बघू की." ओलं नाणं पाटावरून सारखं निसटत होतं. शेवटी त्यांनी डाव्या हातानं तो लुळा हात उचलून नाण्याच्या कडेवर ठेवला आणि दंतमंजन लावून घासू लागल्या. "हलत न्हाई, पर वजन तर हाय त्याला," एवढंच बोलल्या. पाचवं नाणं लख्ख होईस्तोवर दुपार कलली, पण मला एकालाही हात लावू दिला नाही. आता त्या नाहीत. नाणी मी घासते, आणि सून मदतीला आली की तिला हळूच बाजूला सारते.