वारा सरला का?

किस्से कुणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. औषधांच्या कपाटात जुन्या गोळ्या साठतात, तसे. आवरायला बसावं, तर एकेक पुडी हातात धरून आपण आठवत बसतो, ही कुणाची बरं? मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डाची सिस्टर होते, तीस वर्षं. आता रिटायर झालेय. घरी निवांत चहा घेताना एकेक किस्सा आठवतो आणि हसू येतं. एक सोडून.

आमचा वॉर्ड आतड्यांच्या ऑपरेशनचा. ऑपरेशन झालं की आतडं काही दिवस संपावर जातं. ते कामावर परत आलं, याची आमच्याकडे खूण एकच. पेशंटचा वारा सरला पाहिजे! तोवर तोंडाने काही नाही, नुसतं सलाइन. त्यामुळे बाहेर ज्या गोष्टीला लोक नाक दाबतात, त्यासाठी आमच्याकडे नवस बोलले जायचे. एका बाईंनी नवऱ्याचा वारा सरला म्हणून अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले होते. लोक विचारायचे, "कशाबद्दल हो?" मी म्हणायचे, "आधी खा, मग सांगते!"

*

सदाशिव पेठेतले एक रिटायर्ड मुख्याध्यापक होते. राउंडला आमचे मोठे सर आले, मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका, त्यात निम्म्या मुली. सरांनी खणखणीत आवाजात विचारलं, "काय गुरुजी, वारा सरला का?"

गुरुजी भिंतीकडे बघत म्हणाले, "प्रश्न लेखी द्यावा. उत्तर लेखी मिळेल."

दुसऱ्या दिवशी राउंडला त्यांनी खरंच उशीखालून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. सर म्हणाले, "वाचा सिस्टर." मी वाचली. "काल सायंकाळी पाच चाळीस. एकवार. आवाज मध्यम. कृपया मोठ्याने वाचू नये."

शेवटची ओळ शेवटी लिहिल्यावर मी तरी काय करणार!

*

हिंजवडीच्या एका कंपनीतला मुलगा होता. अमरावतीहून त्याची आई येऊन शेजारी बसलेली. चौथ्या दिवशीही आतडं ढिम्म, पण पठ्ठ्या कानात हेडफोन घालून ऑफिसच्या कॉलवर! मी ओरडायला गेले आणि नेमका तेव्हाच वारा सरला. आई जागच्या जागी उभी राहून ओरडली, "झाला ना जी सिस्टर! माह्या पोराचा झाला!"

म्यूट करायचं राहिलं होतं. पलीकडून अख्ख्या टीमने टाळ्या वाजवल्या. मग मॅनेजरचा आवाज आला, "काँग्रॅट्स! म्हणजे मंडेपासून जॉईन होतोयस ना?"

*

आता बाणेरकडचे एक आप्पा. जमीनजुमला भरपूर, धीर अजिबात नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "सरला की! सकाळपास्नं दोनदा." मी विश्वास ठेवला, सरांना सांगितलं, सरांनी पाणी सुरू केलं. आप्पांनी पाण्याचा अर्थ कांदाभजी असा लावला. पुतण्याने पिशवीतून आणून दिली. संध्याकाळपर्यंत पोट नगाऱ्यासारखं फुगलं, उलट्या सुरू झाल्या आणि नाकातून पुन्हा नळी घालावी लागली.

सर मला सगळ्यांसमोर बोलले. मी आप्पांना जाब विचारला, तर नळीतून बोलल्यासारखे म्हणाले, "खोटं न्हाय बोललो. ढेकर बी वाराच की!"

तेव्हा वॉर्ड हसला. मी नाही हसले. त्या दिवसापासून मी पेशंटच्या तोंडावर विश्वास ठेवणं बंद केलं. नातेवाइकांना विचारायचं, चेहरे वाचायचे, खात्री पटली तरच सरांपर्यंत जायचं. वॉर्डात माझं नाव झालं. 'या सिस्टरला फसवता येत नाही.' मला त्याचा फार अभिमान होता.

*

त्यानंतर वर्षभराने बोराटे तात्या आले. मंडईत त्यांचा पालेभाजीचा गाळा. आतड्यातली गाठ काढली होती. काकू रोज सकाळी थर्मासमधून चहा आणायच्या आणि संध्याकाळी भरलेला थर्मास परत न्यायच्या. मी म्हटलं, "काकू, कशाला आणता? मिळणार नाहीये त्यांना." तर म्हणाल्या, "असू द्या. वास तरी येतो त्यांना."

दोघांची चाळीस वर्षांची सवय होती. गाळ्यावर एक चहा मागवायचा. कप तात्यांचा, बशी काकूंची. आता तात्यांना चहा बंद, म्हणून काकूंनीही सोडला होता.

तात्या मला रोज एकच विचारायचे, "सिस्टर, अर्धा कप?" मी म्हणायचे, "वारा सरला?" ते मान हलवायचे. मी म्हणायचे, "मग चहापण नाही."

चौथ्या दिवशी दुपारी मी बीपी घ्यायला गेले, तर तात्यांचा चेहरा खुललेला. हळूच म्हणाले, "सरला, सिस्टर."

मला आप्पा आठवले. मी म्हटलं, "तात्या, चहासाठी खोटं बोलायचं नाही."

"अहो, देवाशपथ."

समोर स्टुलावर त्यांचे जावई बसलेले, शेजारी काकू. मी काकूंकडे वळले. "काकू, तुम्ही सांगा. खरंच सरला का?"

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि खाली बघितलं.

चेहरे वाचण्यात मी पटाईत! मी हसून म्हटलं, "बघा, काकूंनाही खोटं बोलवेना. उद्या राउंडला सर ठरवतील." तात्या काकूंकडे बघत राहिले. मग कूस बदलून झोपले. मी फाइलवर शेरा मारला आणि पुढच्या कॉटकडे गेले.

दुसऱ्या दिवशी आठला ड्युटीवर आले, तर त्या कॉटवर धुतलेली चादर घालत होते. पायातली रक्ताची गुठळी सुटून फुफ्फुसात गेली होती. पाच मिनिटांत सगळं संपलं होतं. चहाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, सरांनीही तसंच सांगितलं. पण लॉकरवर काकूंनी त्या सकाळी आणलेला थर्मास राहिला होता. मी तो बेसिनमध्ये रिकामा केला. चहा चांगला कढत होता. त्याची वाफ अजून माझ्या तोंडावर येते.

*

पुढे सर रिटायर झाले आणि नव्या मॅडम आल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "सिस्टर, वाऱ्याची वाट बघायची नाही. पेशंटला त्रास नसेल, तर ऑपरेशनच्या संध्याकाळीच घोट घोट चहा. आणि च्युइंग गम."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण खरंच, चघळलं की आतड्याला वाटतं जेवण येतंय, आणि ते जागं होतं. आमच्याकडे नारायण पेठेतल्या एक आजी होत्या. "या वयात मला शिटी मारत फिरायला लावणार का?" असं म्हणत त्यांनी गम तोंडात टाकला. तासाभराने बेल वाजली. गमला वरची कवळी चिकटून सगळंच हातात आलं होतं! आजी बोळक्या तोंडाने म्हणाल्या, "सिस्टर, आतडं चालू झालं, पण दात बंद पडले."

वॉर्डभर हशा झाला. मीही हसले, आणि हसता हसता मॅडमना विचारलं, "मग आधी आम्ही लोकांना इतके दिवस कोरडं ठेवायचो, ते?"

मॅडम फाइलमधून मान वर न करता म्हणाल्या, "तेव्हा तसंच शिकवायचे, सिस्टर."

नियम तसाच शिकवला होता, कबूल. पण माणूस शपथ घेऊन सांगतोय, तरी त्याला खोटं ठरवायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते माझं मी शिकले होते.

*

माझ्या रिटायरमेंटला महिना राहिला असताना एका पेशंटच्या कागदांवर नाव वाचलं, बोराटे. काकूच होत्या. केस पांढरे झालेले, आतड्याला पीळ पडलेला. ऑपरेशन नीट पार पडलं. त्यांनी मला ओळखलं की नाही, मला कळेना. विचारायचा धीरही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मॅडमनी चहा लिहून दिला. आयाबाई निघाली होती, तिला मी थांबवलं आणि स्वतः घेऊन गेले. कप आणि बशी. हॉस्पिटलात आम्ही बशी देत नाही. ही मी स्टाफरूममधून आणली होती.

काकू कपाकडे बघत राहिल्या. "इतक्या लवकर?"

"हो. आता नियम बदललाय."

"वारा नाही विचारलात?"

"आता नाही विचारत, काकू."

त्यांनी अर्धा चहा बशीत ओतला. बशी आपल्याकडे ओढली आणि कप माझ्या पुढ्यात सरकवला. मी स्टुलावर बसले.

बशीवर फुंकर घालता घालता काकू म्हणाल्या, "सिस्टर, त्या दिवशी खरंच सरला होता हो त्यांचा. मी ऐकला होता. जावई समोर बसले होते ना, मला लाज वाटली."