आपला हप्ता आपण आणायचा नाही

मी मूळची अकोल्याची. अमरावतीचे लोक आम्हाला उन्हावरून चिडवतात, आणि माझ्या बाबतीत त्यांचं फारसं चुकत नाही. माझं डोकं लवकर तापतं. सगळी नोकरी बँकेत गेली, त्यातली शेवटची काही वर्षं वलगावच्या बाजूला एका लहान शाखेत, मॅनेजर म्हणून. तिथे रुजू झाले तेव्हा पहिल्याच गुरुवारी एक म्हातारी बाई कापडी पिशवी घेऊन आली आणि थेट माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली. "मॅडम, चार वाजता विहाराच्या ओट्यावर येजा. आमची बैठक राह्यते." मी बसा म्हटलं नव्हतं. याचाच मला आधी राग आला.

त्या मावशी. अख्खं गाव त्यांना मावशीच म्हणायचं. अंगणवाडीत मदतनीस होत्या, मुलांची खिचडी शिजवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. गरिबाला लहानसं कर्ज द्यावं, यावर हल्ली मोठमोठे परिसंवाद होतात, त्याला 'सूक्ष्म वित्त' असं भारदस्त नावही आहे. आमच्या भागात मावशींनी ते काम सुरू केलं तेव्हा त्याला नाव नव्हतं. तरुणपणी त्या चार जणींना घेऊन एका बँकेत खातं उघडायला गेल्या होत्या. तिथल्या माणसाने सांगितलं, ओळखीचं कोणीतरी आणा. मावशी बाहेर पायरीवर बसल्या आणि चौघींना म्हणाल्या, "आपण पाच जणी एकमेकीले ओळखतो. ओळख आपल्यापाशी हाय, पैसाच नाही. तो जमवू."

दर आठवड्याला पाच-पाच रुपये जमले. पहिलं कर्ज एका भाजीवालीला दिलं, तागडी घ्यायला. ती तोवर तागडी भाड्याने आणायची, आणि कमाईतला बराचसा भाग त्या भाड्यात जायचा. हे सांगताना मावशींच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा, तो मी आमच्या कुठल्याही साहेबाच्या चेहऱ्यावर पाहिला नाही.

त्यांच्या गटाचा एक नियम मात्र मला फार विचित्र वाटला. आपला हप्ता आपण आणायचा नाही, शेजारणीने आणायचा. गुरुवारी दुपारी प्रत्येक बाई दुसरीच्या घरी जायची, घोटभर चहा घ्यायची आणि तिचे पैसे ओट्यावर आणून ठेवायची. एखादीला जमलं नसेल तर तेही आणणारीच उभी राहून सांगायची, "हिचं या खेपी जमून नाही राहिलं, सासू बिमार हाय." जिचा हप्ता चुकला तिला तोंड उघडावं लागायचं नाही. मग बाकीच्या बसून काय करायचं ते ठरवायच्या.

मला हे गावठी वाटलं. खोटं कशाला बोलू? बँकेने गटाला भलीमोठी रक्कम दिलेली, आणि इथे कुणाचे पैसे कुणाच्या हातात! तिसऱ्या की चौथ्या बैठकीत मी उभी राहिले आणि फर्मान काढलं, यापुढे प्रत्येकीने आपला हप्ता आपल्या मोबाईलवरून भरायचा. ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता त्यांच्या घरात कुणाचा तरी होता. फक्त मावशी म्हणाल्या, "मंग घरी कोण जाईन?"

"घरी जायची गरजच नाही, मावशी."

मला वाटलं, मी त्यांचा व्याप वाचवला.

वर्षभर एकही हप्ता चुकला नाही. वरून कौतुकाचं पत्र आलं, ते मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं. आणि शाखेच्या भिंतीवर गटातल्या एका बाईचा फोटो लावला. तिने शेवयांच्या मशीनसाठी गटातलं सगळ्यात मोठं कर्ज घेतलं होतं. नवरा वारलेला, एकुलती एक मुलगी अमरावतीला नर्सिंग शिकत होती. होळी झाली की बाया रवा-पीठ घेऊन तिच्या दारात रांग लावायच्या, आणि अंगणभर बाजांवर शेवया वाळत असायच्या. त्या तीन महिन्यांच्या कमाईवर मुलीची फी आणि घरचं वर्ष निघायचं. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो फोटो दाखवायचे आणि स्वतःची पाठ थोपटून घ्यायचे.

पुढच्या चैत्रात एका गुरुवारी मावशी आल्या. याही वेळी न सांगता बसल्या.

"मॅडम, हप्ते येऊन राहिले. बाया येऊन नाही राहिल्या."

खरंच होतं. पैसे फोनवरून जात असतील तर ओट्यावर कशाला कोण येईल? "पण मग बिघडलं कुठे?" मी म्हटलं. "पैसे तर येताहेत!"

मावशी भिंतीवरच्या फोटोकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "आज हिचा हप्ता तुमी आणा."

"मी?"

"शेजारणीनं आणाचा, असा नेम हाय आमचा. तुमी रोज तिचा फोटो पाह्यता. तुमीच तिची शेजारीण."

मी धुसफुसतच निघाले. ऊन मी म्हणत होतं. तिच्या दारात पोचले तर अंगण झाडून स्वच्छ, आणि रिकामं. बाजा भिंतीला उभ्या केलेल्या. ओसरीत मशीन होतं, त्यावर चादर टाकलेली.

"मशीन बंद आज?"

"आज सुट्टी हाय, मॅडम."

चैत्रात शेवयांना सुट्टी नसते, एवढं बँकेतल्या बाईलाही कळतं. मी ओसरीतच बसले. तिने पाणी दिलं, चहा केला, आणि कप माझ्या हातात देताना तिचा बांध फुटला. होळीनंतर दुसऱ्याच दिवशी मोटर जळाली होती. रवा घेऊन येणाऱ्या बायांना ती सुट्टी सांगून परत पाठवत होती. दोन बकऱ्या होत्या, त्या विकून तिने आमचे हप्ते भरले. आता विकायला मशीनच उरलं होतं. भातकुलीच्या एका व्यापाऱ्याने इसार दिला होता, रविवारी तो मशीन न्यायला येणार होता. त्याच इसारातल्या नोटा तिने माझ्यापुढे धरल्या. "घ्या, हप्ता."

"आणि मुलीची फी?"

"तिले सांगतलं नाही अजून. परीक्षा झाली का घरी घेऊन येईन."

"अहो, पण कुणाला बोलायचं तरी! काहीतरी केलं असतं!"

"तुमी फोटो लावला ना, मॅडम. हप्ता चुकला असता तं काढून टाकला असता."

मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी त्या नोटांना हात लावला नाही.

चार वाजता ओट्यावर मावशींनी घरोघर फिरून पंधरा-वीस बाया जमवल्या होत्या. ती मात्र आली नाही. मावशींनी तिचं नाव पुकारलं. मी उभी राहिले.

"तिचा हप्ता मी आणला नाही. तिचं या खेपी जमत नाही. मोटर जळाली, आणि ती मशीन विकतेय. तुम्हाला हे कळलं नाही, कारण घरी जायचं मी बंद केलं. चूक माझी आहे."

मागच्या ओळीतली एक बाई ताडकन उठली. तिचा नवरा शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटरी नव्याने भरून द्यायचा, आणि तिचं घर शेवयांवालीच्या घरापासून दोनच गल्ल्या पलीकडे होतं.

"अव बाप्पा! माह्या घरात दिवसभर मोटरा भरून राहिले, आन् हे बाई मशीन विकून राहिली? थांब, पाह्यतोच तिले!"

ती तशीच शेवयांवालीच्या घरी गेली. दोघींचं भांडण आम्हाला ओट्यावरून ऐकू येत होतं, आणि नंतरचं रडणंही. तांब्याच्या तारेचे पैसे गटाने दिले, तीन हप्ते पुढे ढकलले. इसार परत द्यायला मावशी स्वतः एसटीने भातकुलीला गेल्या. शनिवारी संध्याकाळी मशीन सुरू झालं. मी काचेखालचं पत्र काढून टाकलं, आणि फोटोचं काय करू, हे तिलाच विचारलं.

"राहू द्या," ती म्हणाली, "पण माह्या जागी मशीनचा लावा."

जुना नियम पुढच्या गुरुवारपासून पुन्हा सुरू झाला. वरून विचारणा झाली तेव्हा मी असं काही उत्तर लिहिलं, की पुन्हा कोणी विचारलं नाही. तापट स्वभावाचा तेवढा एक फायदा.

मी निवृत्त झाले त्या दिवशी मावशी म्हणाल्या, "आता तुमी मॅडम नाही. आता गटात या." म्हणून मी गटात आले. अमरावतीत फ्लॅटमध्ये एकटी राहते. भाऊ अकोल्याला असतो, रविवारी त्याचा फोन येतो. गटात माझी आठवड्याची बचत पन्नास रुपये. ती न्यायला दर गुरुवारी शेवयांवाली येते, ऑटोचं भाडं खर्चून. फोनवरून एका मिनिटात जाईल, असं मी सांगून थकले. ती चहा घेते, घरभर एक नजर टाकते आणि पन्नासची नोट पदराला बांधून निघते.

मागच्या हिवाळ्यात का कोण जाणे, माझं मन कशात लागेना. एकटीसाठी कुठे रांधायचं म्हणून मी चहा-टोस्टवर दिवस काढत होते. ती आली, गॅसच्या कोरड्या ओट्यावरून बोट फिरवलं, एक-दोन डबे उघडून पाहिले. नोट घेतली आणि गेली.

संध्याकाळी मावशींचा फोन. बैठकीत माझं नाव पुकारल्यावर ती उभी राहून म्हणाली होती, "मॅडमचा हप्ता आणला. पण मॅडम जेवून नाही राहिल्या."

मी भडकले. सगळ्या बायांसमोर! माझ्या घरातली गोष्ट! मावशींनी मला पुरतं बोलू दिलं आणि फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी बेल वाजली. दारात शेवयांवालीची मुलगी. आता ती अमरावतीतच एका दवाखान्यात नर्स आहे, ड्यूटी संपवून परस्पर आली होती, हातात डबा. "आज माही पाळी," ती म्हणाली. "उद्या मोटरवाली काकू येईन." डब्यात गूळ घातलेल्या शेवया होत्या. मी म्हटलं, ठेव, नंतर खाईन. ती खुर्ची ओढून समोर बसली. मी शेवटचा घास खाईपर्यंत उठली नाही. तुमी जेवल्या का नाही, ते गुरुवारी आईले ओट्यावर खरं सांगावं लागते, म्हणाली.