रजयांच्या कपाटातला सा

चौथ्या शर्टाची एक बाही राहिली होती, तेवढ्यात पावणेदहा झाले. तिने इस्त्री बंद केली, शर्ट टेबलावर तसाच पसरून ठेवला आणि पायांत चपला सरकवल्या. आज गाण्याच्या बाई परीक्षा घेणार होत्या. आजवर ती बाईंच्या सुरामागेच गायली होती; तिचा एकटीचा सूर बाई आज पहिल्यांदा ऐकणार होत्या. परीक्षा कसली, तर एकच सूर. खालचा सा, एका श्वासात, वीस अंक मोजेपर्यंत सरळ धरायचा. जमला तर पुढचे धडे, नाही तर रविवारची तिची वेळ दुसऱ्या कुणाला. बाईंची सत्तरी उलटलेली आणि दाराशी शिकणाऱ्यांची रांग.

ती दवाखान्यात नंबर पुकारायची. दिवसभर पंखे, खोकले, रडणारी पोरं, आणि त्या सगळ्यावरून हिचा आवाज. वर्षभरापूर्वी तो बसला आणि महिनाभर उठलाच नाही. मोठे डॉक्टर म्हणाले, गळा वापरायला शिका, नाहीतर दुसरं काम बघा. म्हणून ती बाईंकडे गेली. पहिल्याच महिन्यात तिला कळलं, आपल्याला नुसता गळा वाचवायचा नाही, गायचंय. हे तिने देवाशिवाय कुणाला सांगितलं नाही.

अकरा महिने रोज पहाटे पाचला अर्धा तास. तापातसुद्धा खंड नाही. पण दोन खोल्यांच्या घरात सूर लावायचा कुठे? पहिल्याच दिवशी सासूबाई पांघरुणातून म्हणाल्या होत्या, "कोण गेलं गं? सकाळी सकाळी गळा काढलास तो?" नवरा म्हणाला, "जरा हळू. वरच्या मजल्यावरचे काय म्हणतील?" मग तिला जागा सापडली. बोळकंडीतलं रजयांचं कपाट. दोन्ही दारं उघडायची, दोन रजयांच्या मध्ये तोंड घालायचं आणि सा लावायचा. कुणाला ऐकू जायची सोय नाही. सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगत, "आमची सून गाते, पण घरात पत्ता लागत नाही हो. शहाणी आहे." आणि हिला त्याचा अभिमान वाटे.

बाईंच्या खोलीत एक पेटी, दोन खुर्च्या आणि रस्त्यावर उघडणारी खिडकी. तिने सूर लावला. बाई बोटांवर मोजत होत्या. सातव्या बोटाला थांबल्या.

"पुन्हा."

पुन्हा सात. बाई उठल्या, तिच्या हनुवटीखाली दोन बोटं लावली. "कुठे बसून करतेस गं रियाज?"

तिने सांगितलं. बाई खुर्चीत बसल्या.

"म्हणजे अकरा महिने तू रजईत तोंड खुपसून गातेयस."

"आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, बाई."

"मग तो तेच शिकला. जीभ मागे ओढलीस, हनुवटी गळ्यात रुतवलीस, श्वास पोटात कोंडलास. आणि रोज केलंस, म्हणून जास्त बिघडलंय. आळशी असतीस तर लवकर सुधारली असतीस."

तिला रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

"एक महिना देते," बाई म्हणाल्या. "उघड्या तोंडाने, उघड्या खोलीत. अंक कमी झाले तरी चालतील. सूर समोरच्या भिंतीला लागला पाहिजे."

घरी येताना ती रस्ताभर धुमसत होती. सासूबाईंवर, नवऱ्यावर, वरच्या मजल्यावरच्यांवर, ज्यांनी कधी तक्रारसुद्धा केली नव्हती. आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर. रोज देवापुढे हात जोडून आवाज मागायचा, आणि त्याने दिला की कपाटात कोंडायचा. त्याने तरी किती वेळा द्यावा?

दुसऱ्या दिवशी पाचऐवजी सहा वाजता ती पुढच्या खोलीच्या मधोमध बसली. पाठ ताठ, हनुवटी सैल. सूर लावला. नवव्या अंकाला आवाज फाटला. फाटू दे. पुन्हा लावला.

सासूबाई दारात आल्या. "काय गं, कपाट मोडलं का?"

तिने श्वास संपेपर्यंत सूर सोडला नाही. मग म्हणाली, "कपाट धड आहे, आई. माझा गळा मोडलाय."

"अगं, ऐकतेस ना," नवरा आतून म्हणाला, "वरचे काय..."

"तुमची मॅच असते तेव्हा वरचे काय म्हणतात?"



"माझी झोप?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, साडेपाचला तुमचा चहा होतो. मीच करते."

"माझ्यावर ओरडतेस?"

"नाही. ओरडलं की आवाज फुकट जातो. आता मला तो फुकट घालवायचा नाही." आणि तिने पुन्हा सा लावला, सासूबाईंच्या पुढ्यात, तोंड उघडून. सासूबाई पुटपुटत मोरीकडे गेल्या. आठवडाभर त्या हिच्याशी तुटक बोलत होत्या. नवरा डोक्यावर उशी घेऊन झोपे. तिने एकही दिवस चुकवला नाही, आणि एकदाही माफी मागितली नाही. पूर्वी ती भाजीत मीठ कमी पडलं तरी मागायची.

महिन्याने बाईंनी पुन्हा बोटं मोजली. तेरा.

"वीस नाही झाले," ती म्हणाली.

"नाही झाले. पण हे तेरा माझ्या भिंतीला लागले." बाईंनी वहीत तिच्या वेळेपुढे खूण केली. "रविवार तुझाच. मात्र गेलेले अकरा महिने परत नाही मिळायचे. पाया खणून काढून पुन्हा घालतोय आपण."

"माहीत आहे," ती म्हणाली. राग गेला नव्हता. तो तिने जपून ठेवला, पहाटे उठायला तोच उपयोगी पडत होता.

बाईंच्या जिन्यावरून उतरून ती औषधाच्या दुकानाकडे वळली. सासूबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्या संपल्या होत्या.